मोठं शहर म्हणजे मोठा खर्च? ठाणे-नवी मुंबईत राहायला येणाऱ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नोकरी लागते, बदली होते, मुलांचं कॉलेज ठरतं, आणि दरवर्षी कितीतरी मराठी कुटुंबं ठाणे-नवी मुंबईकडे बिऱ्हाड हलवतात. निघण्याआधी प्रत्येक घरात एकच हिशेब चालतो: एवढ्या पगारात तिकडे भागेल का? मी ठाण्यात राहतो. नात्यातल्या, ओळखीतल्या कुणाला इकडे यायचं असलं की फोन येतो, आणि बहुतेक फोनवर हेच प्रश्न असतात. म्हणून ते इथे एकत्र केले आहेत. भाड्याचे आजचे दर मुद्दाम दिलेले नाहीत, कारण ते दर काही महिन्यांनी हलतात. खर्च कशामुळे वाढतो हे एकदा कळलं की दर कितीही हलले तरी आपला हिशेब आपल्याला मांडता येतो.

शहर जितकं मोठं तितकं राहणं महाग, हे खरं का?

अर्धं खरं. मोठ्या शहरात सगळंच महागत नाही. मुळात दोनच गोष्टी महागतात: जागा आणि माणसाचा वेळ. ज्या वस्तूत किंवा सेवेत या दोहोंचा वाटा मोठा, ती महागते. ज्यात तो नाही, ती जवळपास सगळीकडे सारख्याच भावात मिळते.

बिस्किटाच्या पुड्यावर छापलेली एमआरपी ठाण्यातल्या नौपाड्यात जी असते तीच पालघर जिल्ह्यातल्या जव्हारमध्ये असते. साबण, टूथपेस्ट, तापाच्या गोळ्या, मोबाइलचा रिचार्ज यांचंही तेच. पण केस कापायचे तर न्हाव्याच्या गाळ्याचं भाडं नौपाड्याचं, त्याच्या स्वतःच्या खोलीचं भाडं कळव्याचं, आणि ही दोन्ही भाडी त्याला कात्रीवरच काढायची असतात. म्हणून केस कापण्याचा दर जव्हारपेक्षा ठाण्यात बराच जास्त. इस्त्री, शिकवणी, डॉक्टरची तपासणी फी, पोळी-भाजी केंद्रातली पोळी या सगळ्यांच्या दरात कुणाच्या तरी खोलीचं भाडं असतं.

ठाणे तर नागपूरपेक्षा लहान आहे. मग ठाण्यात घरभाडं जास्त का?

या प्रश्नाला मी सगळ्यात जास्त महत्त्व देतो, कारण ‘शहराचा आकार’ म्हणताना नेमकं कुठलं शहर मोजायचं हे त्यातून कळतं.

२०११ च्या जनगणनेत नागपूरची लोकसंख्या सुमारे २४ लाख होती, ठाणे शहराची १८.४ लाख. नवी मुंबई महापालिकेची ११.२ लाख, म्हणजे तेव्हाच्या औरंगाबादपेक्षा, आजच्या छत्रपती संभाजीनगरपेक्षा, किंचित कमीच. नुसत्या आकड्यांवर भाडं ठरत असतं तर ठाण्यापेक्षा नागपूर महाग असायला हवं होतं, आणि नवी मुंबईतल्या वाशीचं भाडं संभाजीनगरच्या सिडको भागाइतकं असायला हवं होतं. तसं नाही हे दोन्हीकडे राहिलेला कुणीही सांगेल.

कारण ठाण्याचा भाव ठाण्याच्या लोकसंख्येवर ठरत नाही. घर शोधणारा माणूस महापालिकेची हद्द बघत नाही, आपल्या कामापासून किती वेळात घरी पोहोचता येईल ते बघतो. १६ एप्रिल १८५३ रोजी देशातली पहिली प्रवासी गाडी बोरीबंदरहून ३४ किलोमीटरवरच्या ठाण्यालाच आली, आणि तेव्हापासून ही दोन गावं रुळांनी एकमेकांना बांधली गेली. आज ठाण्यातल्या खोलीसाठी बोली लावणाऱ्यांत मुलुंड, पवई, वांद्रे-कुर्ला संकुल (बीकेसी), ऐरोली, महापे इथे नोकरी करणारे सगळे असतात. २०११ मध्येच मुंबई, ठाणे, नवी मुंबई, कल्याण-डोंबिवली, उल्हासनगर, मीरा-भाईंदर मिळून जो नागरी समूह धरला गेला त्याची लोकसंख्या १ कोटी ८४ लाख होती. मोजायचा तो हा आकडा.

त्यात जमीन आखडलेली. ठाण्याच्या एका बाजूला येऊरचे डोंगर आणि राष्ट्रीय उद्यान, दुसऱ्या बाजूला खाडी. नवी मुंबईही पारसिकची टेकडी आणि खाडी यांच्यामधल्या पट्ट्यात वसलेली. नागपूरला चारही दिशांना पसरता येतं. आम्हाला उभंच वाढावं लागतं.

गावाकडच्या आणि शहरातल्या खर्चात सरकारी आकड्यांत किती फरक दिसतो?

केंद्र सरकारच्या २०२३-२४ च्या कौटुंबिक उपभोग खर्च पाहणीत देशातल्या ग्रामीण भागात दरडोई दरमहा खर्च ४,१२२ रुपये निघाला, शहरी भागात ६,९९६ रुपये. फरक जवळपास ७० टक्क्यांचा.

पण हा आकडा वाचताना एक काळजी घ्या. तो लोकांनी केलेला खर्च आहे, वस्तूंचे भाव नव्हेत. शहरात उत्पन्न जास्त म्हणून माणूस जास्त वस्तू घेतो, बाहेर खातो, मुलाला दोन क्लास लावतो. तेही त्यातच मोजलं जातं. ‘शहर ७० टक्क्यांनी महाग’ असा अर्थ त्यातून काढू नये. इंटरनेटवरच्या शहर-तुलनेच्या तक्त्यांबद्दलही तेच सांगेन. वाचकांनी भरलेल्या आकड्यांवर ते चालतात आणि घोडबंदर रोडचा टॉवर व किसननगरची चाळ यांची सरासरी काढतात. त्या सरासरीत कुणीच राहत नाही.

भाजीपाला आणि किराणा मोठ्या शहरात महाग पडतो का?

किराणा नाही. उलट, मोठ्या बाजारात माल भराभर खपतो, दुकानदार एकमेकांशी स्पर्धा करतात, आणि छापील किमतीवर सूट मिळते. ती लहान गावातल्या एकुलत्या एका दुकानात मिळत नाही. ठाण्यात जांभळी नाक्याच्या बाजारात महिन्याचं सामान भरणारी घरं आजही पुष्कळ आहेत आणि त्यांचं बरोबर आहे.

भाजीचं थोडं वेगळं. तुर्भ्याचं घाऊक बाजार आवार, ज्याला सगळे वाशी मार्केट म्हणतात, तिथे कांदा-बटाटा, भाजी, फळं, धान्य आणि मसाला असे पाच बाजार आहेत. नाशिक, पुणे, सातारा, सांगलीकडची भाजी रात्री गाड्यांनी येते आणि पहाटे तिथून सगळीकडे जाते. घाऊक भाव कळतो, मालही ताजा असतो. पण तिथून तुमच्या सोसायटीच्या दारापर्यंत येताना हमाली, टेम्पो, नासाडी आणि विक्रेत्याच्या जागेचं भाडं चढतं. तुर्भ्याला लागून असलेल्या सानपाड्यातली भाजी स्वस्त असेलच असंही नाही, कारण तिथला गाळाच महाग. चालत्या रस्त्यावरच्या, स्टेशनबाहेरच्या बाजारात ती स्वस्त मिळते, कारण तिथे उलाढाल मोठी आणि जागेचा खर्च कमी.

मासळीचं गणित तर शहराच्या आकारावर नाहीच, समुद्र किती लांब यावर आहे. बेलापूरजवळच्या दिवाळे कोळीवाड्यात सकाळी गेलात तर नागपूरकराला हेवा वाटेल असा माल मिळतो.

वीज, गॅस, पेट्रोल?

वीज: ठाणे आणि नवी मुंबईत महावितरणचे दर लागतात, आणि ते राज्यभर एकच आहेत. गडचिरोलीत युनिटला जो दर तोच ठाण्यात. मुंब्रा-कळवा-शीळ भागात १ मार्च २०२० पासून वितरण टोरंट या खासगी कंपनीकडे आहे, तरी दर महावितरणचेच. मुंबई शहर-उपनगरात बेस्ट, अदानी, टाटा यांचे दर वेगळे. वीजबिल शहरात वाढतं ते एसीमुळे आणि बंद खिडक्यांमुळे.

गॅस: बऱ्याच इमारतींत महानगर गॅसची पाइपलाइन आहे. सिलिंडरची वाट बघावी लागत नाही आणि जेवढा जाळला तेवढंच बिल येतं. ही सोय दाट वस्तीमुळेच परवडते.

पेट्रोल: पूर्वी मुंबई, ठाणे आणि नवी मुंबईत पेट्रोल-डिझेलवर उरलेल्या राज्यापेक्षा जास्त व्हॅट होता. १ जुलै २०२४ पासून तो फरक काढला गेला.

मग घरभाडं कमी कसं करायचं? ठाण्यात कुठे बघावं?

ठाण्यात भाडं तीन गोष्टींवर चढतं: स्टेशनपासून चालत किती मिनिटं, इमारतीचं वय, आणि पाणी. नौपाडा, पाचपाखाडी, राम मारुती रोड या भागांत जुन्या तीन-चार मजली इमारती आहेत. लिफ्ट नसते, पार्किंग नसतं, पण स्टेशन, बाजार, गडकरी रंगायतन, शाळा सगळं पायी. तिथे लहान घर मिळालं तर गाडी आणि रिक्षाचा खर्च जवळजवळ संपतो. वागळे इस्टेट, किसननगर, लोकमान्यनगर इथे भाडं उतरतं आणि शेअर रिक्षाने स्टेशन गाठता येतं. घोडबंदर रोडवर, मानपाड्यापासून कासारवडवलीपर्यंत, तेवढ्याच पैशात मोठं आणि नवं घर मिळतं, पण स्टेशन लांब. कळवा, मुंब्रा, दिवा आणखी स्वस्त.

घोडबंदरच्या सोसायट्यांत भाडं ठरवण्याआधी मेंटेनन्स किती आणि उन्हाळ्यात टँकर किती लागतात हे वॉचमनला आणि शेजाऱ्यांना विचारा. दलाल हे आपणहून सांगत नाही. टँकरचा खर्च सोसायटी शेवटी सभासदांकडूनच वसूल करते, आणि मालक तो तुमच्यावर घालू शकतो.

एक गोष्ट मात्र मी कळकळीने सांगतो. भाडं फारच कमी असेल तर इमारत अधिकृत आहे का, हे महापालिकेच्या प्रभाग कार्यालयात विचारून घ्या. ४ एप्रिल २०१३ रोजी शीळफाट्याजवळ बांधकाम चालू असलेली अनधिकृत इमारत कोसळली आणि ७४ माणसं गेली. त्या अर्धवट इमारतीत लोक राहत होते, कारण तेवढंच त्यांना परवडत होतं. जागेची टंचाई किती टोकाला जाते त्याचा हा पुरावा आहे. महिन्याला दोन-तीन हजार वाचवण्यासाठी अशा इमारतीत लेकरंबाळं घेऊन राहू नका.

नवी मुंबई तर आखून वसवलेली. मग तिथेही स्वस्त का नाही?

मुंबईवरचा भार हलका करायचा म्हणूनच नवी मुंबई उभी राहिली. त्यासाठी १९७० च्या मार्चमध्ये सिडको ही सरकारी कंपनी स्थापन झाली, ९५ गावांची जमीन घेतली गेली, एकेक नोड, म्हणजे उपनगर, आखला गेला. रुंद रस्ते, स्टेशनजवळ बाजार, सेक्टरमध्ये शाळा आणि मैदान. राहणीमानाच्या दृष्टीने ते फार मोठं काम झालं, आणि आज नेरूळ किंवा ऐरोलीत फिरताना ते जाणवतं.

पण दोन गोष्टींनी भाव वर नेले. एक म्हणजे जोडणी. मे १९९२ मध्ये मानखुर्दहून वाशीला लोकल आली, नोव्हेंबर २००४ मध्ये ठाणे-वाशी मार्ग सुरू झाला. गाडी आली की त्या नोडमधली घरं मुंबईच्या बाजारात सामील झाली. दुसरी म्हणजे जमिनीची विक्री. सिडको भूखंड निविदेने विकते, बोली वर जाते, आणि बिल्डर ती घराच्या किमतीत घालतो. सिडकोच्या सोडतीतली घरं याला अपवाद, आणि पात्र असाल तर अर्ज जरूर करा.

भाड्याच्या बाबतीत मात्र नवी मुंबईत एक वेगळा थर आहे: गावठाणं. घणसोली, कोपरखैरणे, तुर्भे, सानपाडा, करावे अशा मूळ गावांत आगरी-कोळी कुटुंबांनी स्वतःच्या जागेवर इमारती बांधल्या आणि खोल्या भाड्याने दिल्या. शेजारच्या सेक्टरपेक्षा भाडं कमी, घरमालक खाली राहतो, आणि अडीनडीला धावून येतो. नव्याने नोकरीला लागलेल्या मुलांचा या शहरातला पहिला आसरा बहुधा हीच गावठाणं असतात. ज्यांच्या जमिनीवर हे शहर उभं आहे, त्यांच्याच घरात आजही स्वस्त खोली मिळते, हे इथे येणाऱ्या प्रत्येकाने लक्षात ठेवावं. अर्थात, इमारत अधिकृत आहे का याची चौकशी इथेही करायचीच.

पाण्याच्या बाबतीत नवी मुंबईची बाजू भक्कम आहे. खालापूरजवळचं मोरबे धरण महापालिकेच्या स्वतःच्या मालकीचं आहे. ठाण्याला बरंचसं पाणी वेगवेगळ्या यंत्रणांकडून घ्यावं लागतं. आकारापेक्षा व्यवस्था कशी आहे यावर खर्च किती अवलंबून असतो, याचं हे चांगलं उदाहरण.

खारघर, कामोठे, कळंबोली, नवीन पनवेल हे भाग २०१६ मध्ये स्थापन झालेल्या पनवेल महापालिकेत येतात, नवी मुंबई महापालिकेत नाही. पाण्याची आणि कराची चौकशी करताना गल्लत होते.

लांब राहून भाडं वाचवलं तर खरंच वाचतं का?

घरात कामाला जाणारी माणसं किती, यावर ते ठरतं. आकडे फक्त रीत कळावी म्हणून घेतो. समजा कासारवडवलीचं घर नौपाड्यातल्या घरापेक्षा महिन्याला १२,००० रुपयांनी स्वस्त आहे. तिथून स्टेशनला जाण्या-येण्यात रोज दीड तास जास्त जातो आणि ६० रुपये जास्त लागतात. कामाचे दिवस २४ धरू.

एकच जण कामाला जात असेल तर महिन्याला ३६ तास आणि १,४४० रुपये जातात. उरले १०,५६०. म्हणजे प्रवासात घालवलेल्या प्रत्येक तासामागे सुमारे २९० रुपये वाचले. बऱ्याच जणांच्या कामाच्या तासाला एवढे मिळत नाहीत. लांबचं घर घेणं शहाणपणाचं.

नवरा-बायको दोघंही कामाला जात असतील तर तास ७२ होतात, खर्च २,८८०. उरले ९,१२०, म्हणजे तासाला जेमतेम १२७ रुपये. त्यात मूल पाळणाघरात असेल आणि उशिरा नेलं की जादा पैसे द्यावे लागत असतील तर तेही वजा करा. अशा घराला स्टेशनजवळची लहान जागाच परवडते, कागदावर महाग दिसली तरी.

हे गणित बहुतेक घरांत कुणी मांडत नाही. चौरस फूट मोजले जातात आणि आईचे रोजचे दीड तास मोजायचे राहून जातात. घरी परतल्यावर स्वयंपाकही तिलाच करायचा असतो, म्हणून त्या तासांची किंमत पगाराच्या तासापेक्षाही जास्त धरावी असं माझं स्पष्ट मत आहे.

प्रवास स्वतः किती महाग?

आश्चर्य वाटेल इतका स्वस्त, लोकलने गेलात तर. दुसऱ्या वर्गाचं किमान तिकीट ५ रुपये, आणि महिन्याचा पास रोजच्या तिकिटांच्या मानाने फारच कमी. मुंबईसारख्या अवाढव्य प्रदेशात गरीब माणूस टिकून आहे तो या पासामुळे. खर्च होतो तो घरापासून स्टेशनपर्यंतच्या शेवटच्या दोन-तीन किलोमीटरवर. रिक्षाचं किमान भाडं फेब्रुवारी २०२५ पासून २६ रुपये आहे. रोज दोन वेळा एकट्याने रिक्षा केली तर लोकलच्या पासाच्या कितीतरी पट पैसे तिथेच जातात. शेअर रिक्षा, ठाण्याची टीएमटी किंवा नवी मुंबईची एनएमएमटी बस जिथून मिळते असं घर बघा.

नवा पूल, मेट्रो, विमानतळ झाला की राहणं स्वस्त होतं ना?

प्रवास स्वस्त किंवा जलद होतो. राहणं बहुधा महागतं. वेळ वाचतो, म्हणून त्या जागेला मागणी वाढते, आणि वाचलेल्या वेळाची किंमत घरमालक भाड्यात मागतो. जानेवारी २०२४ मध्ये शिवडी-न्हावाशेवा हा सुमारे २२ किलोमीटरचा अटल सेतू सुरू झाला, मोटारीला एका फेरीचा २५० रुपये टोल असूनही पुलाच्या नवी मुंबईकडच्या टोकाजवळच्या उलव्याकडे लोकांचं लक्ष वळलं. त्याच परिसरात ऑक्टोबर २०२५ मध्ये नवी मुंबई विमानतळाचं उद्घाटन झालं. १४ ऑक्टोबर २०२४ च्या मध्यरात्रीपासून वाशी, ऐरोली, मुलुंड आणि दहिसरच्या नाक्यांवर हलक्या वाहनांचा टोल बंद झाला. मोटारवाल्यांचा तेवढा खर्च वाचला, ही चांगली गोष्ट आहे. पण भाडेकरूच्या हातात तो फायदा किती काळ राहतो हे पुढच्या करारावर ठरतं. घोडबंदरला मेट्रोचे खांब उभे राहत होते तेव्हाच जाहिरातींत मेट्रोचं स्टेशन दाखवून घरं विकली जात होती.

म्हणून भाड्याने राहणाऱ्याने सोय सुरू होण्याच्या थोडं आधी तिथे जावं आणि जमलं तर लांब मुदतीचा करार करावा.

मोठ्या शहरात पगार जास्त मिळतो. त्यात भागत नाही का?

पगाराचा फरक आणि भाड्याचा फरक सारखा नसतो. केंद्र सरकारच्या घरभाडे भत्त्यात हे उघड दिसतं. ५० लाखांवरची शहरं एक्स, ५ ते ५० लाखांची वाय, त्याखालची झेड. महागाई भत्ता ५० टक्क्यांवर गेल्यावर हे दर मूळ पगाराच्या ३०, २० आणि १० टक्के झाले. ठाणे एकटं मोजलं तर वायमध्ये बसलं असतं, पण बृहन्मुंबई नागरी समूहात धरलं जात असल्याने इथल्या कर्मचाऱ्याला एक्सचा दर मिळतो. मूळ पगार ४०,००० असेल तर एक्स शहरात १२,००० भत्ता, झेड गावात ४,०००. फरक ८,००० चा. तालुक्याच्या गावातलं दोन खोल्यांचं भाडं आणि ठाण्यातलं भाडं यांत अंतर याहून बरंच जास्त असतं.

आयकरात मात्र वेगळाच न्याय. जुन्या करपद्धतीत घरभाड्याच्या सवलतीसाठी मुंबईत पगाराच्या ५० टक्क्यांची मर्यादा धरतात, ठाणे-नवी मुंबईला सर्वसाधारणपणे ४० टक्क्यांची. एक खातं ठाण्याला मुंबई मानतं, दुसरं मानत नाही. तुमच्या सीएला विचारून घ्या.

साताऱ्याहून ठाण्याला यायचं तर किती पगारवाढ मागावी?

एकूण पगाराला सरसकट टक्का लावू नका. आजच्या खर्चाचे चार कप्पे करा. किराणा, औषधं, कपडे, मोबाइल, वीज हा पहिला: इथे आल्यावर तो जवळपास तेवढाच राहतो. घरभाडं दुसरा: ठाण्यातल्या निवडलेल्या भागाचा खरा दर तीन-चार दलालांकडून काढा. तिसरा माणसांच्या कामाचा: घरकाम, पाळणाघर, शिकवणी, बाहेरचं खाणं. चौथा प्रवास. दुसरा आणि तिसरा कप्पा नव्याने भरा, चौथ्यात पास आणि रिक्षा लिहा, आणि बेरीज करा. साताऱ्यात स्वतःच्या घरात राहत असाल तर दुसरा कप्पा शून्यातून थेट सगळ्यात मोठा होतो. वाढ पुरेशी वाटून आलेली माणसं नेमकी इथे अडकतात.

घरकामाला येणाऱ्या ताई गावापेक्षा इतके जास्त पैसे का मागतात?

कारण त्यांनाही इथेच राहायचं असतं. चार घरची धुणीभांडी करणारी बाई दिव्याहून किंवा किसननगरच्या दहा बाय दहाच्या खोलीतून येते. तिच्या मिळकतीचा मोठा भाग खोलीच्या भाड्यात जातो. तुम्ही दिलेल्या वाढीव पगारातला बराचसा भाग तिच्या घरमालकाकडे पोहोचतो. कृपा करून तिच्याशी घासाघीस करताना हे ध्यानात असू द्या, आणि दिवाळीचा बोनस तिचा हक्क समजा.

मोठ्या शहरात काही स्वस्त असतं का?

असतं, आणि त्याबद्दल फार कमी बोललं जातं. ज्या गोष्टी क्वचित लागतात पण लागल्या की जीवनमरणाच्या असतात, त्या मोठ्या शहरात जवळ आणि एकूण खर्चात स्वस्त पडतात. मोखाड्यातल्या माणसाला कर्करोगाच्या उपचारासाठी परळच्या टाटा रुग्णालयात यायचं तर प्रवास, राहणं, बुडालेली मजुरी, सोबतच्या माणसाचा खर्च हे सगळं उपचाराच्या आधीच उभं राहतं. ठाणेकर सकाळी लोकलने जाऊन संध्याकाळी परत येतो. खारघरलाही टाटाचं केंद्र आहे. कळव्याचं महापालिकेचं छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय, मुंबईचं केईएम, इथे सामान्य माणसाला परवडणारे उपचार मिळतात. लाखो लोकांची वस्ती असल्याशिवाय अशी रुग्णालयं उभीच राहत नाहीत.

शिक्षणाचंही तसंच. विशेष मुलांची शाळा, परदेशी भाषेचा वर्ग, चांगली सार्वजनिक वाचनालयं. लहान गावात यातली एखादी गोष्ट हवी असेल तर मुलाला दुसऱ्या गावी ठेवावं लागतं, आणि मग दोन संसारांचा खर्च.

आणि नोकरी. एक सुटली तर दुसरी शोधायला घर बदलावं लागत नाही. वागळे इस्टेटमधला कामगार ठाणे-बेलापूर पट्ट्यात काम शोधू शकतो. हा आधार हिशेबात रुपयांत दिसत नाही, पण घरावर वेळ आली की कळतो.

घर विकत घेतलं तर मुंबईपेक्षा सरकारी खर्च कमी येतो का?

टक्क्यात नाही. मुंबईत मुद्रांक शुल्क ६ टक्के आहे, ठाणे आणि नवी मुंबई महापालिकांच्या हद्दीत ७ टक्के, कारण स्थानिक संस्थेचा अधिभार वेगळा लागतो. घर बाईच्या नावावर घेतलं तर १ टक्का सवलत आहे. ६० लाखांच्या घरावर ठाण्यात ४ लाख २० हजार, शिवाय नोंदणीचे ३०,०००. सवलत घेतली तर ६०,००० वाचतात. बायकोच्या नावावर घर करायला हे एक कारण पुरेसं आहे, आणि ते एकमेव कारण असू नये.

निवृत्तीनंतर गावी जाणं परवडतं का?

खर्चाच्या दृष्टीने होय, प्रकृती धडधाकट असेपर्यंत. गावात जागेचा खर्च गेला की पेन्शन पुरते. पण वयाबरोबर डॉक्टरकडच्या फेऱ्या वाढतात, आणि मोठ्या शहराचा फायदा नेमका तिथे आहे. मला चिपळूण, सावंतवाडीसारखी मधल्या आकाराची गावं बरी वाटतात: भाडं कमी, रेल्वे आहे, आणि प्राथमिक उपचार गावातच. ठाण्यातलं घर लगेच विकू नका. वर्षभर भाड्याने देऊन बघा.

भाडेकराराचा खर्च किती धरायचा?

दलाली बहुधा एका महिन्याच्या भाड्याएवढी असते. डिपॉझिट मालकावर अवलंबून. ११ महिन्यांच्या लिव्ह अँड लायसन्स करारावर एकूण भाड्याच्या ०.२५ टक्के मुद्रांक शुल्क लागतं, बिनव्याजी डिपॉझिट असेल तर त्याच्या व्याजाचाही हिशेब त्यात धरतात. १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्यानुसार करार लेखी आणि नोंदणीकृत असायलाच हवा, ती जबाबदारी मालकाची आहे. नोंदणी ऑनलाइन होते. मालक स्वतः राहत नाही म्हणून सोसायटीने बिनभोगवटा शुल्क लावलं तर ते सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही. ते मालकाने भरायचं की तुम्ही, हे करारात लिहून घ्या, आणि दरवर्षी भाडं किती टक्क्यांनी वाढणार तेही.